"मी ठीक आहे, देवाची कृपा" – यापुढे काय विचारावं? (कॅटरिना, ह्यूस्टन, कृष्णवर्णीय स्त्रिया)

मृगनक्षत्र

ह्यूस्टनमध्ये वादळानंतर फोनवरून विचारपूस करणाऱ्या एका स्वयंसेवक गटाची प्रश्नावली नव्याने लिहायची आहे. यादीतली बरीच घरं कृष्णवर्णीय स्त्रियांच्या जिवावर चाललेली आहेत. त्यांतल्या काही जणी कॅटरिना चक्रीवादळानंतर, म्हणजे २००५ मध्ये, न्यू ऑर्लीन्सहून इथे आल्या. पुढे २०१७ चं हार्वी आणि २०२४ चं बेरिल ही वादळंही त्यांनी इथेच काढली.

अडचण अशी की मानसिक ताण मोजायला के-६ ही सहा प्रश्नांची पट्टी वापरतात आणि तिच्यावर या बायकांचे गुण फार कमी येतात, २४ पैकी ३ किंवा ४. "मी ठीक आहे, देवाची कृपा" म्हणून फोन संपतो. त्याच नोंदीत खाली लिहिलेलं असतं की घरात सात माणसं, रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड, फेमाचा (अमेरिकी सरकारची आपत्ती-मदत संस्था) अर्ज नाकारला. मग पट्टी चुकतेय की विचारणारे?

दुसरं, "स्ट्राँग ब्लॅक वुमन" (कृष्णवर्णीय बाई कणखरच असते, सगळं सोसते) ही कल्पना प्रशिक्षणात सतत येते. ती कामाची आहे की तोही एक शिक्काच?

तिसरं, वीस मिनिटांच्या फोनमध्ये नेमकं काय करता येतं?

कृपया आपापले अनुभव नकोत, काम कसं करायचं ते लिहा.

जुनी पाटी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यात आहे.

ही प्रतिमा गुलामगिरीच्या काळातली. जिच्याकडून शेतात पुरुषाइतकं काम घ्यायचं आणि जिची मुलं विकायची, तिला दुखत नाही असं मानणं मालकाच्या सोयीचं होतं. पुढे १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने (कृष्णवर्णीय कुटुंबांवरचा सरकारी अहवाल) उलटा आरोप केला: कृष्णवर्णीय कुटुंबं कोलमडतात कारण त्यांत बाईचंच चालतं. म्हणजे ती कणखर म्हणून कामाला जुंपायची आणि कणखर म्हणूनच दोषही द्यायचा. १९७० च्या दशकापासून कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिकांनी यावर सडकून लिहिलंय. मात्र त्याच स्त्रियांनी ही प्रतिमा ढालीसारखीही वापरली. आपल्याला कोणी वाचवायला येणार नाही हे माहीत असलं की 'मी वाकणार नाही' हा निश्चय जगायला उपयोगी पडतो. म्हणून तिला नुसता 'गैरसमज' म्हणून मोडीत काढू नका.

आता कामाचा भाग. शेरिल वूड्स-गिस्कॉम्बे या परिचारिका-संशोधिकेने २०१० मध्ये गटचर्चांवरून या कल्पनेचे पाच धागे वेगळे केले: कणखर दिसण्याची सक्ती, भावना दाबण्याची सक्ती, कोणावर अवलंबून राहायला विरोध, तुटपुंज्या साधनांतही यशस्वी व्हायची जिद्द आणि इतरांना मदत करण्याची बांधिलकी. त्यावरून पुढे ३५ विधानांची मोजपट्टीही झाली. तुमच्या फोनवर ती चालवू नका, ती संशोधनासाठी आहे.

पण पाच धागे वेगळे ठेवणं का महत्त्वाचं, ते पाहा. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या २०० हून थोड्या अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांवर अमानी अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वांशिक भेदभावाने शरीरावर पडणारा भार (रक्तदाब, साखर, दाह वगैरे मिळून) कोणात जास्त दिसतो, हा प्रश्न होता. कणखर दिसणं आणि भावना आवरणं हे दोन धागे त्या भारापासून काहीसं संरक्षण देताना दिसले. भार वाढवणारे धागे होते यशाची जिद्द आणि इतरांना मदत करण्याची बांधिलकी.

प्रशिक्षणात साधारण उलटं शिकवतात की ती मन मोकळं करत नाही हा प्रॉब्लेम, तिला बोलतं करा. हा अभ्यास आपत्तीनंतरचा नाही, त्यामुळे जपून वापरायचा. पण त्यावरून दिशा अशी दिसते की मुखवट्याला हात लावायची घाई नको, ओझं मोजा. ती रडली की नाही यापेक्षा तिच्या अंगावर किती माणसं आहेत हे जास्त सांगून जातं.

खारं वारं

जुनी पाटी यांच्याशी सहमत. मी पट्टी आणि फोन यांवर लिहिते.

के-६ मध्ये गेल्या ३० दिवसांत किती वेळा अस्वस्थ, हताश, चुळबुळं, कशानेच बरं वाटू नये इतकं खिन्न, प्रत्येक गोष्ट जड जाणारं आणि कवडीमोल वाटलं, एवढंच विचारतात. प्रत्येकी ० ते ४, एकूण २४. १३ किंवा जास्त आले तर गंभीर त्रासाची शक्यता. यात झोप नाही, अंगदुखी नाही, चिडचिड नाही, आत्महत्येचा विचारही नाही. सहाच्या सहा प्रश्न 'तुला कसं वाटतं' याच जातीचे. ज्या बाईने आयुष्यभर याच प्रश्नाला 'ठीक' हे उत्तर घोटलंय तिचा आकडा कमीच येणार. त्यात 'एव्हरीथिंग वॉज अ‍ॅन एफर्ट' हे इंग्रजी वाक्य दुधारी आहे. कष्टाचा अभिमान असलेल्या माणसाला ते तक्रार म्हणून ऐकू येईलच असं नाही.

दुसऱ्या पट्ट्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. नैराश्य मोजायच्या सीईएस-डी या २० प्रश्नांच्या पट्टीत 'लोक माझ्याशी तुसडेपणाने वागले' आणि 'लोकांना मी आवडत नाही' अशी दोन विधानं आहेत. कृष्णवर्णीय उत्तरदात्यांच्या बाबतीत ती वेगळी वागतात हे २००० सालापासून माहीत आहे. लोक खरंच तुसडे वागत असतील तर ते नैराश्याचं लक्षण कसं?

के-६ टाकून देऊ नका, फक्त शेवटी न्या. फोनचा क्रम असा ठेवा.

पहिलं मिनिट: पूर्ण नाव, गट कोणाचा, नोंद कोण वाचणार आणि कोण नाही. हे आधीच सांगायचं. 'कोलमडले म्हटलं तर सरकारी माणसं मुलं काढून नेतील' ही भीती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. जे गुप्त ठेवता येत नाही (मुलांना इजा होत असल्याची शंका टेक्सासच्या कायद्याप्रमाणे कळवावीच लागते) तेही स्पष्ट सांगा, उगाच 'सगळं गुप्त' म्हणू नका.

संबोधन: 'मिस' किंवा 'मिसेस' लावून आडनाव. ती स्वतः सांगेपर्यंत नुसत्या पहिल्या नावाने हाक मारायची नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला कोणी 'ए कमल' म्हणत नाही, तसंच. पण तिथे याला आणखी धार आहे. दक्षिणेत गोरे लोक कृष्णवर्णीयांना मुद्दाम बिनउपाधीचं बोलवत. अलाबामाच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीने 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर द्यायला नकार दिला, तिला दंड आणि कैद झाली, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आज सत्तरी ओलांडलेल्या बाईने हा काळ स्वतः पाहिलाय.

पुढची दहा मिनिटं मोजता येणारे प्रश्न. काल रात्री घरात किती जण झोपले, त्यांतले वादळाआधी किती नव्हते? तुम्ही कुठे झोपलात, पलंगावर, सोफ्यावर की खुर्चीत? (ही जागा सगळ्यात शेवटी तिच्या वाट्याला येते, म्हणून विचारा.) किती तास झोप, किती वेळा जाग? रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या किती उरल्यात, रोज घेता की पुरवून? गेल्या आठवड्यात किती जणांनी तुमच्याकडे मदत मागितली? तुम्ही किती जणांकडे मागितली?

शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. आठ आणि शून्य असेल तर के-६ चे ३ गुण बाजूला ठेवून तो फोन 'पुन्हा करायचा' यादीत टाका.

आत्महत्येबद्दल वेगळं आणि सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात येते हा गैरसमज आहे. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न त्यासाठीच आहे. पण उत्तर 'हो' आलं तर पुढे काय, हे फोन लावायच्या आधी ठरलेलं हवं: लाइनवर कोण थांबणार, ९८८ ला (आत्महत्या रोखण्याची अमेरिकेतली हेल्पलाइन) कोण जोडणार.

आणि "तुम्ही किती स्ट्राँग आहात!" हे वाक्य गटात बंद करा. मनापासून केलेलं कौतुक असलं तरी ऐकणारीला त्यातून 'आता तक्रार करू नकोस' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी तिनेच दिलेला आकडा परत सांगा: "सात माणसं आणि एक पगार. हे एका माणसाला फार होतं." मग गप्प बसा. पाच-सात सेकंदांची शांतता फोनवर भयंकर लांब वाटते, तरी भरून काढू नका.

वादळाच्या रात्री काय झालं ते उकरू नका. ती होऊन बोलली तर ऐका. एकाच बैठकीत सगळं ओकून टाकायला लावणाऱ्या 'डीब्रीफिंग'चा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, काहींना उलट त्रासच झाला.

पंतोजी

सगळं मान्य, पण यात कृष्णवर्णीय असं वेगळं काय? किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या बायकाही पदर खोचून उभ्या राहिल्याच की. बाई म्हणजे सोसणं, हे जगात सगळीकडे तेच. उगाच त्याला अमेरिकन नाव कशाला?

जुनी पाटी

पंतोजी, शब्दच पाहा. आपल्याकडे 'सोशिक' बाईची कीव येते, 'खंबीर' बाईचं कौतुक होतं. दोन्हींत तिला दुखतं हे गृहीत आहे. तिकडच्या 'स्ट्राँग'मध्ये तेच गृहीत गळून पडतं. अमेरिकेतल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांतल्या बऱ्याच जणांना कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते वगैरे खुळचट समजुती खऱ्या वाटत होत्या, आणि तसं मानणाऱ्यांनी वेदनेला उपचारही कमी सुचवले, हे २०१६ च्या एका अभ्यासात आलंय. कॅटरिनाच्या वेळचं उदाहरण हवं तर ५ सप्टेंबर २००५ ला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या स्टेडियममधल्या निर्वासितांना भेटून तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आई बार्बरा बुश जे बोलल्या ते आठवा. भावार्थ असा की ही माणसं तशीही वंचितच होती, तेव्हा त्यांचं इथे बरंच चाललंय!

किल्लारीची तुलना करायचीच तर वेगळ्या जागी करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. बायका गावात जे एरवीही करत होत्या त्याला पद मिळालं, कार्यक्रमात अधिकृत जागा मिळाली. न्यू ऑर्लीन्समध्ये हेच काम बायकांनी केलं, पण सरकारी कागदावर त्याला नाव नव्हतं.

कागदपत्रे

नाव नव्हतं एवढंच नाही, ते कागदावर उलटायचं. यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. या चर्चेचा विषय मानसिक वाटतो, पण निम्मा ताण पत्रव्यवहारातून येतो.

कॅटरिनाच्या वेळी फेमाचा नियम साधारण 'एक घर, एक अर्ज' असा होता. न्यू ऑर्लीन्सच्या गरीब वस्त्यांत एका छपराखाली आजी, दोन मुली, त्यांची मुलं, एखादा भाचा असं घर. वादळानंतर ही माणसं तीन राज्यांत पांगली, आणि पहिला अर्ज ज्याचा पोचला त्याला मदत. बाकीच्यांना 'या पत्त्यावर अर्ज आलेला आहे' असं उत्तर. हे पुढे कोर्टात गेलं. म्हणजे सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या बाईचा तोच गुण अर्जात आडवा आला.

दुसरं, वारसाहक्काचं घर. पणजोबांनी बांधलेलं, मृत्युपत्र नाही, नावावर मेलेल्या माणसाचं नाव. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहतं ना, तसं. अशा घरात चाळीस वर्षं कर भरून राहणारीही 'मालक' ठरत नव्हती. फेमाने २०२१ मध्ये पुरावे सैल केले: मोठ्या दुरुस्तीच्या पावत्या, अधिकाऱ्याचं पत्र, आणि काहीच नसेल तर शेवटी स्वतःचं लेखी निवेदनही चालू शकतं. जुन्या नकाराने तोंड पोळलेल्या बायकांना हा बदल माहीत नसतो. फोनवर नक्की सांगा.

तिसरं, लुइझियानाचा 'रोड होम' कार्यक्रम. घर बांधायला अनुदान, कमाल १,५०,००० डॉलर. पण वादळाआधीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांत जे कमी असेल ते धरायचं. कृष्णवर्णीय वस्तीत घराची बाजारकिंमत कमी आणि लाकूड, मजुरी मात्र सगळीकडे सारखी. त्यामुळे तेवढंच पाणी शिरलेल्या तशाच घराला लोअर नाइन्थ वॉर्डासारख्या कृष्णवर्णीय वस्तीत गोऱ्या वस्तीपेक्षा कमी पैसे. खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली, आणखी ६ कोटी २० लाख डॉलर द्यायचे ठरले. तोवर सहा वर्षं गेलेली.

शिवाय डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने चार मोठ्या सरकारी वसाहती पाडायला मंजुरी दिली, सुमारे साडेचार हजार घरं. रहिवासी त्यांना 'ब्रिक्स' म्हणत, पक्क्या विटांच्या इमारती होत्या. तिथे मुलं सांभाळणारी शेजारीण, गाडी असलेली मावशी, उधार देणारा दुकानदार सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. वसाहत गेली तेव्हा छपराबरोबर हे जाळंही गेलं. सार्वजनिक शाळांतल्या सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं ते वेगळंच. त्यांत कृष्णवर्णीय शिक्षिका मोठ्या संख्येने, म्हणजे नेमका त्या वस्त्यांतला मध्यमवर्ग.

म्हणून फोनवर एक प्रश्न वाढवा: "फेमाचं पत्र जवळ आहे का? वाचून दाखवता?" 'इनएलिजिबल' (अपात्र) हा शब्द दिसला की बहुतेक जण पत्र फाडून टाकतात. पुष्कळदा त्याचा अर्थ एखादा कागद कमी आहे इतकाच असतो: विम्याचं नकारपत्र, ओळखीचा पुरावा, सही. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. ती तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा. अपिलाच्या प्रत्येक पानावर अर्ज क्रमांक आणि आपत्ती क्रमांक टाका, नाहीतर फॅक्समधली पानं सुटी होऊन हरवतात. फेमाच्या लाइनवर तासभर ताटकळायचं काम स्वयंसेवकाने करावं, पलीकडून कोणी बोलायला आलं की तिला जोडून द्यावं. अवलंबून राहायला नकार देणारी बाईसुद्धा ही मदत घेते, कारण ती कीव वाटत नाही, कारकुनी वाटते.

न्यू ऑर्लीन्समध्ये ट्रेसी वॉशिंग्टन या वकील बाईंच्या नावाने एक भित्तिपत्रक लागलं होतं: मला चिवट म्हणणं थांबवा, कारण तुम्ही चिवट म्हणता तेव्हा माझ्यावर आणखी काही लादायची मोकळीक घेता. प्रशिक्षणाच्या खोलीत ते लावलं तरी चालेल.

खारं वारं

कागदपत्रे, तुमचा पत्राचा प्रश्न मी दहा मिनिटांच्या भागात पहिला घेईन. पत्रावर बोलता बोलता बाकीचं आपोआप निघतं.

चर्च आणि वेळ यांबद्दल राहिलं होतं.

चर्च हा आधार आहे आणि पडदाही. 'देवाची कृपा' हे वाक्य संवाद संपवायला वापरलं जातं तसं खऱ्या श्रद्धेनेही म्हटलं जातं, आणि फोनवर फरक कळत नाही. त्यावर वाद नको. "चर्चमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना कोण करतं?" असं विचारा. नाव चटकन आलं तर आधार आहे. "मीच सगळ्यांसाठी करते" असं आलं तर आठ-शून्याचाच प्रकार. गटबैठक घ्यायची तर 'मानसिक आरोग्य' असा फलक नको. रक्तदाब तपासणी आणि अर्ज भरायची मदत असा लावा, मुलं सांभाळायला दोन माणसं आणि जेवण ठेवा. पाळणाघर नसेल तर जिला सगळ्यात गरज आहे ती येणारच नाही, कारण इतरांची मुलंही तिच्याकडेच असतात.

वेळेचं गणित तर फारच चुकतं. आपत्तीनंतरच्या समुपदेशनासाठी केंद्राचा पैसा येतो त्याचा पहिला टप्पा ६० दिवसांपर्यंत, पुढचा साधारण नऊ महिने. आणि त्रास? न्यू ऑर्लीन्सच्या कम्युनिटी कॉलेजांतल्या हजारभर कमी उत्पन्नाच्या पालकांचा अभ्यास योगायोगाने कॅटरिनाच्या आधीच सुरू झाला होता. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय, एकट्या आया. म्हणून आधीचे आणि नंतरचे आकडे ताडता आले, जे आपत्तीत क्वचित जमतं. वादळानंतर गंभीर मानसिक त्रासाचं प्रमाण सुमारे दुप्पट, जवळपास निम्म्या जणींत पीटीएसडीची (आघातानंतर रेंगाळणारा मानसिक विकार) शक्यता. बारा वर्षांनंतरही सहांतल्या एकीला ती लक्षणं होती. वादळाआधी ज्यांना माणसांचा आधार जास्त, त्यांना नंतर त्रास कमी.

तेव्हा एका फोनवर निकाल देऊ नका. दोन आठवडे, तीन महिने, नंतर वर्षदिनाच्या आसपास, आणि पुढच्या मोसमात पहिलं वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलं की. तो शेवटचा फोन प्रत्येक वर्षी.

मृगनक्षत्र

सगळ्यांचे आभार. क्रम बदलतोय: पत्र, माणसं, झोप, गोळ्या, मागितलेली-दिलेली मदत, मग के-६. एकच शंका. सध्या नोंदीच्या शेवटी 'कोपिंग वेल' (नीट सावरतेय) असा चौकोन आहे, बरोबरची खूण करायची. तो ठेवावा का?

कागदपत्रे

काढून टाका. त्या चौकोनावर खूण झाली की पुढचा माणूस फाइल उघडत नाही.

त्या जागी तीन रकाने ठेवा: तिच्या भरवशावर किती माणसं, तिला कोणाचा भरवसा (नात्यासकट, कोणी नसेल तर 'कोणी नाही' असं पूर्ण लिहा, रकाना रिकामा सोडू नका), आणि पुढची तारीख कशाची: अपील, गोळ्या संपण्याची की घरभाड्याची. तिचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहा. "मी ठीक आहे" म्हणाली असेल तर तेही अवतरणातच, तुमचं मत म्हणून नको.

खारं वारं

चौथा रकाना माझ्याकडून: फोन कोणी केला. पुढच्या वेळी त्याच माणसाने करावा. दर वेळी नवा आवाज आला की ती पुन्हा पहिल्यापासून ठीक असते.